हळदकुंकू लावलेले मांगूर

पुण्य करणाऱ्या माणसांचा मला राग येतो. पाप करणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण काय करतोय, त्यामुळे त्याला पकडता येतं, चार शब्द सुनावता येतात. पुण्य करणाऱ्याला अडवायला जा, तो तुमच्याकडे असा बघतो की राक्षस तुम्हीच. माझ्याकडे माझ्याच घरात असं बघितलं गेलं आहे, म्हणून सांगते.

मी मत्स्य खात्यात नोकरी करते. धरणांत मासळीचं बीज सोडायचं, ते वाढेपर्यंत कोणी ओरबाडू नये हे बघायचं, आणि मग कोणत्या जाळ्यानं, कोणत्या महिन्यात, किती मासळी काढायची हे मासेमारांबरोबर बसून ठरवायचं, हे माझं काम. आमचं घर रायपुरात, बूढ़ापाऱ्यात. आजोबा रेल्वेच्या नोकरीत विदर्भातून इकडे आले आणि इथलेच झाले. घर असं शाकाहारी की चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. त्या घरातली पोट्टी मासळीच्या खात्यात लागली म्हणजे आकाशच कोसळलं. लग्नाच्या वयात येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत, मुलगी पाण्याच्या खात्यात आहे. पुढे खरं कळलं की पाहुणे पोहे खाऊन जात ते परत येत नसत. आता मी पन्नाशी ओलांडली, दादा-वहिनींच्या वरच्या मजल्यावर राहते, आणि त्या पाहुण्यांचं काहीएक अडलेलं नाही, माझंही नाही.

रायपूरपासून तासाभराच्या वाटेवर एक लहान धरण आहे. गावातले लोक त्याला नुसतं बांधा म्हणतात. शेतीसाठी बांधलेलं, पण त्यात मासळी धरायचा पट्टा गावातल्या केवटपाऱ्याच्या, म्हणजे कोळ्यांच्या वस्तीच्या, मासेमार समितीकडे होता. समितीची अध्यक्ष बाई होती. वय माझ्याएवढंच, अंगानं काटक, आणि जीभ अशी की भल्याभल्यांनी खाली मान घालावी. मी तिला दीदी म्हणायची, ती मला मॅडम. पहिल्यांदा गेले तेव्हा बांध्यात मासळी जवळजवळ संपली होती. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी घेऊन पुरुषमंडळी उतरायची आणि बोटाएवढी पिल्लंसुद्धा काढून आणायची. पावसाळ्यात, माशांच्या पोटात अंडी असतात तेव्हासुद्धा. मी चार वेळा भाषण दिलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी तीच जाळी त्याच पाण्यात.

दीदीनं भाषण केलं नाही. होळीच्या संध्याकाळी लाकडं रचून पेटवली, तेव्हा ती आपल्या नवऱ्याचं बारीक जाळं काखेत मारून आली आणि पेटत्या होळीत टाकलं. नवरा तिथेच उभा होता. मग पाऱ्यातल्या बायका एकेक करून घरी गेल्या आणि आपापल्या घरची जाळी घेऊन आल्या. जळक्या नायलॉनचा वास गावात दोन दिवस राहिला म्हणे. मी तिथे नव्हते याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर समितीनं ठरवलं की पावसाळ्यात कोणी पाण्यात उतरायचं नाही, आणि मोठ्या छिद्रांच्या जाळ्याशिवाय तर कधीच नाही. आम्ही बांध्यात रोहू, कतला आणि मृगळची बोटुकली सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. पिशव्यांतून आणायची, पिशव्या तशाच बांध्याच्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की तोंड उघडायचं. घाई केली की पिल्लं झटक्यानं मरतात. दीदी पिशवीत हात घालून बसायची आणि तिनं हव, म्हणजे हो, म्हटल्याशिवाय कोणी गाठ सोडायची नाही. पावसाळाभर पुरुष रायपुरात बांधकामावर मजुरीला गेले, पण पाण्यात उतरले नाहीत. पट्टा दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात संपणार होता. तोवर भरपूर मासळी काढून दाखवली तर बांधा केवटपाऱ्याकडे राहणार होता, नाही तर तो बाहेरच्या एका ठेकेदाराच्या घशात जाणार होता. तो तर टपूनच बसला होता. एवढी एकच गोष्ट होती, पण त्या पाऱ्याचं सगळं तिच्यावर टांगलेलं होतं.

पहिलं वर्ष छान गेलं. हिवाळ्यात जाळं ओढलं तर रोहू हातभर. मी इतकी खूश झाले की दिवाळीनंतरच्या एका रविवारी घरच्यांना तिकडे घेऊन गेले. दादा, वहिनी, त्यांचा मुलगा. काठावर चटई टाकून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. वहिनी पाण्याकडे बघून म्हणाली, किती स्वच्छ आहे गं. मी फुगले. कोणी तरी माझ्या कामाला पहिल्यांदा बरं म्हटलं होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा बीज सोडलं, आणि हिवाळ्यात जाळं ओढलं तर ते हलकं आलं. चार-सहा रोहू, आणि त्यांच्यामध्ये काळे, लांब मिशांचे, चिकट अंगाचे मासे वळवळताहेत. मी पाहताक्षणी ओळखले. थाई मांगूर. आपल्याकडे पाळायला बंदी आहे त्याला, कारण तो काहीही खातो, घाण खातो, पिल्लं खातो, आपल्याच जातीची पोरंसुद्धा खातो. पाणी आटलं तर चिखलातून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो. दीदीनं एक मांगूर बंधाऱ्याच्या दगडावर ठेवून विळ्यानं पोट फाडलं. आत आमची बोटुकली होती. चांदीसारखी, अजून पुरती पचलेलीही नव्हती. तिनं ती एकेक काढून दगडावर ठेवली. मग जाळं तिथेच टाकून घराकडे चालायला लागली.

हे आलं कुठून? आपोआप तर येत नाही. कोणी तरी आणून सोडलेलं होतं. पाऱ्यातल्या सगळ्यांनी एकच नाव घेतलं, त्या ठेकेदाराचं. मलाही दुसरं कोणी सुचलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जीपमधून सरळ त्याच्या दुकानावर गेले आणि भर रस्त्यात त्याला जे तोंडाला येईल ते बोलले. नीच म्हटलं, गरिबांच्या अन्नात माती कालवणारा म्हटलं. लोक जमले. तो पान चघळत शांतपणे ऐकत होता. माझा दम संपल्यावर म्हणाला, "मॅडम, मैं अपना ही पानी क्यों खराब करूँगा? अगले साल तो मेरा ही होना है।"

परतीच्या वाटेवर मला कळत होतं की हा बरोबर बोलतोय, आणि ते कळत होतं म्हणून राग आणखी चढत होता.

यानंतरच्याच एका शनिवारी सकाळी मी कामावर जायला जिना उतरत होते. अंगणात तुळशीजवळ एक मोठी प्लास्टिकची बादली, वर ताटली, ताटलीवर वीट. आतून धाडधाड आवाज. मी वीट उचलली, ताटली बाजूला केली. आत पाच-सहा काळे मांगूर एकमेकांवर चढत होते. आणि त्यांच्या डोक्यांवर हळदकुंकू. नीट बोटानं लावलेलं, सवाष्णीला लावतात तसं.

मागून वहिनी आली, नवी साडी नेसलेली, हातात फुलांची पुडी. म्हणाली, अगं, झाकण काहून काढलं, उडी मारतील ना. मी विचारलं, हे काय आहे. ती थोडी ओशाळली, पण फार नाही. तिनं सगळं सांगितलं. पोट्ट्याला नोकरी लागत नव्हती, हे मला ठाऊकच होतं. इंजिनीअरिंग झालेला, मुलाखती देऊन आलेला, आता खोलीत बसून मोबाईल बघायचा आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायचा. वहिनी शंकर नगरातल्या एका महाराजांकडे गेली. हे महाराज एसी ऑफिसात बसून ग्रह फिरवतात. त्यांनी सांगितलं, दर शनिवारी जिवंत मासे विकत घ्या, आणि वाहत्या किंवा स्वच्छ पाण्यात सोडा.

बूढ़ा तालाब घरापासून चार पावलांवर. पण तिथे सोडायचे कसे? ओळखीचे लोक सकाळी फिरायला येतात. शाकाहारी घरातली बाई बादलीत मासे घेऊन जाताना दिसली तर काय म्हणतील? म्हणून गाडी काढून लांब जायचं. आणि लांबचं स्वच्छ पाणी यांना एकच माहीत होतं. पुऱ्या खाल्ल्या होत्या ना तिथे.

मांगूरच का, तेही सांगितलं. पहिल्यांदा यांनी रोहू घेतला होता, तो वाटेतच मेला. मेलेला सोडून काय पुण्य? मग मासेवाल्यानंच शिकवलं. तो आता आधी विचारतो, खाना है कि छोड़ना है? छोड़ना है म्हटलं की काळे काढून देतो, कारण ते बादलीत दिवसभर ठेवले तरी मरत नाहीत. म्हणजे बघा, बाजारातला जो मासा सगळ्यांना गिळून जगतो, नेमका तोच पुण्याला चालतो. असा भैताडपणा आपल्याच लोकांना सुचावा! आणि वहिनी एकटी नव्हती. तिनं आपल्या भिशीतल्या सगळ्या बायांना जागा सांगितली होती. कोणाची मुलगी घटस्फोट घेऊन आलेली, कोणाच्या नवऱ्याची साखर वाढलेली. वर्षभर त्या गाड्या करून जात होत्या. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालून त्या ठेकेदाराला शिव्या देऊन आले होते.

मी वहिनीला सांगितलं. सगळं सांगितलं. बोटुकली, जाळी, होळी, पट्टा. सांगताना माझा आवाज चढत गेला तसे दादा बाहेर आले. वहिनी ऐकून घेत होती, आणि मला वाटलं की हिच्या डोक्यात शिरतंय. मग ती अगदी मायेनं म्हणाली, "बाई, रागावू नको, पण हे तुझ्यासाठीच करून राहिलो आम्ही. महाराज म्हणाले, या घराले मत्स्यदोष आहे. घरातलं कोणी तरी माशांचा जीव घेऊन पोट भरते. म्हणून पोट्ट्याचं अडलं. तू मारते, आम्ही सोडवतो. तुझंच पाप धुवून राहिलो ना?"

मी दादांकडे पाहिलं. ते तुळशीकडे बघत होते. म्हणजे हे घरात बोललं गेलं होतं. माझ्या पाठीमागे, माझ्या पगारातून आलेल्या फ्रीजमधलं पाणी पिताना बोललं गेलं होतं.

मी बादलीला लाथ मारली. खोटं का सांगू, मला फार बरं वाटलं. मासे फरशीवर पसरले आणि मेले नाहीत. सरपटायला लागले. एक तुळशीकडे, एक मोरीकडे, एक वहिनीच्या नव्या साडीकडे. वहिनी किंचाळत ओट्यावर चढली. मी म्हटलं, बघ, नीट बघ, पाणी नाही तरी कसा चालतो ते बघ, आणि सांग मला की त्या बांध्यात यानं काय केलं असेल. ती देवाचं नाव घेत होती. मग मी स्वयंपाकघरात गेले, पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला आणि एकेक मासा पकडून मारला. हळदकुंकवासकट. आमच्या अंगणात असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर घरात काही महिने कोणी माझ्याशी बोललं नाही. अंगण गोमूत्रानं धुतलं. वरवंटा टाकून दिला, गोल बाज़ारातून नवा आणला. मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटत होतं ते बांध्याचं, आणि तिथे उशीर झाला होता. आम्ही मोठ्या छिद्रांची जाळी लावली, लहान जाळी लावली, गळ टाकले, सापडेल तो मांगूर काढून चुन्याच्या खड्ड्यात पुरला. चार काढले की काठाच्या गवतात दहा पोरं दिसायची. उन्हाळ्यात पट्ट्याची वेळ आली तेव्हा समितीकडे दाखवायला मासळी नव्हती. खात्यातल्या वरच्या साहेबांसमोर मी सगळी हकिकत मांडली. त्यांनी विचारलं, मासे सोडणारे कोण ते सिद्ध करू शकता का? मी म्हटलं, हो, माझी वहिनी. ते हसले. मी विनोद करतेय असं त्यांना वाटलं.

बांधा ठेकेदाराकडे गेला. ज्या लोकांनी आपली जाळी होळीत टाकली, तेच लोक आता त्याची जाळी ओढायला मजुरीवर जातात. त्याला पावसाळा नाही, छिद्राचं माप नाही. रोहू-कतला जे काही उरलं आहे ते तो नेतो. मांगूर त्याला नको असतो, बंदी आहे ना, लफडं नको. तो कचरा मजुरांनी घेऊन जायचा.

आणि त्याच पावसाळ्यात आमच्या पोट्ट्याला पुण्यात नोकरी लागली.

घरात पेढे आले. वहिनी इतक्या दिवसांनी जिना चढून माझ्याकडे आली, माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, बघ, मी म्हणत होती ना. मी पेढा खाल्ला नाही. ती म्हणाली, आता फक्त त्याचं लग्न जमू दे, महाराजांनी मासे चालू ठेवायले सांगितलं आहे, पण तू घाबरू नको, तुझ्या बांध्यात नाही सोडत, आता दुसरं धरण बघितलं आम्ही. हे ती मला दिलासा म्हणून सांगत होती.

त्या आठवड्यात मी मासळीबाजारात गेले होते. कडेला, नाल्याजवळ, एक बाई पत्र्याचं टोपलं घेऊन बसली होती. जवळ गेले तर दीदी. टोपल्यात काळे मांगूर, जिवंत. मी म्हटलं, दीदी, हे विकायला बंदी आहे. ती म्हणाली, "हव, मालूम है. बांधे में अब यही है, तो यही बेचूँगी न, मॅडम?" नियमानं ते टोपलं जप्त करून पुरायला हवं होतं. दुसऱ्यांची मी पुरली आहेत. तिचं पुरलं नाही. मी विचारलं, कोण घेतं हे? खाणारे तर नाक मुरडतात. ती म्हणाली, खाणारे नाही घेत, सोडणारे घेतात. शनिवारी चांगली गर्दी असते.

मी घरी आले आणि वहिनीला म्हटलं, शनिवारी चल, तुला मासे मीच घेऊन देते. वहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिला वाटलं, नणंदेला अक्कल आली. मला एकच करायचं होतं. हिला त्या बाईसमोर उभं करायचं, आणि बघायचं की आता तरी हिच्या तोंडून काय निघतं.

शनिवारी आम्ही गेलो. दीदी तिथेच बसली होती. मी तिला म्हटलं, दीदी, ही माझी वहिनी. बांध्यात हेच लोक सोडायचे. वहिनीलाही मराठीत सांगितलं, ही ती अध्यक्ष, होळीत जाळं टाकणारी, तू सोडलेल्या माशांनी हिचा बांधा गेला. अगदी स्पष्ट सांगितलं, दोनदा. वहिनी हसली, नमस्कार केला.

दीदी तिच्याकडे बघत राहिली. साडी, बांगड्या, हातातली रिकामी बादली. मग विचारलं, "किसके लिए छोड़ते थे?"

"लडके की नोकरी के लिए," वहिनी म्हणाली.

"लगी?"

"लग गई, लग गई. पुणे में."

"शादी?"

"वही तो नहीं जम रही ना."

दीदीनं टोपल्यात हात घातला, तळातले दोन सगळ्यात मोठे मांगूर काढले आणि वहिनीच्या बादलीत जोरात टाकले. पाणी वहिनीच्या पदरावर उडालं. "तो दो और ले जाओ," ती म्हणाली. तिचा आवाज मी त्या पाऱ्यातल्या पुरुषांवर चढलेला ऐकला होता, पण असा कधी नाही. मी वहिनीकडे बघत होते.

वहिनीनं पदर झटकला, वाकून बादलीत पाहिलं, आणि पर्स उघडली. मला म्हणाली, "बाई, हिचे मासे चांगले जिवंत आहेत गं. आता दर शनिवारी हिच्याचकडून घेत जाऊ."